ॲक्वाटिंट : भाषा की भरणी?

आजचे मुद्राचित्रांचे कुठलेही समूह-प्रदर्शन पाहा. एचिंगमधली, म्हणजे आम्लाने धातूत कोरलेली, रेषा बहुधा विचार करून ओढलेली असते. तिच्यामागची राखाडी छटा मात्र जागा मोकळी दिसू नये म्हणून घातल्यासारखी वाटते. आकाश करडे, भिंत त्याहून करडी, सावली काळी. ही छटा म्हणजे ॲक्वाटिंट. तंत्र कलाशाळांत शिकवले जाते आणि सर्रास वापरलेही जाते, पण ते चित्राच्या आशयात फारसे शिरत नाही. तक्रार हाताच्या कौशल्याबद्दल नाही. या तंत्राचा स्वभाव काय, हा प्रश्नच विचारला जात नाही, अशी ती तक्रार आहे.

आधी तो स्वभाव पाहू. तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर राळेची बारीक पूड बसू द्यायची आणि खालून आच देऊन ती धातूला चिकटवायची. मग प्लेट आम्लात जाते. राळेच्या कणाला आम्ल शिवत नाही. कणांच्या मधला उघडा धातू ते खाते. तिथे असंख्य सूक्ष्म खळगे होतात. त्यांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागदावर प्रेसच्या दाबाने ठसा घ्यायचा. आम्लात वेळ जितका जास्त तितका खळगा खोल आणि छटा गडद. पांढरा राहणारा भाग बुडवण्याआधीच वार्निशने झाकतात, पहिल्या बुडीनंतर सगळ्यात फिका करडा झाकतात, आणि असे करत करत शेवटी फक्त काळे उरते.

म्हणजे चित्रकार उजेडाकडून काळोखाकडे जातो, तोही पायऱ्यापायऱ्यांनी. दोन छटांच्या मधली कड सहसा स्पष्ट असते आणि कडेच्या आतला भाग सपाट. खाल्लेला धातू परत येत नाही. घासून छटा हलकी करता येते, पण कष्टाने आणि थोडीच. किती पायऱ्या ठेवायच्या आणि कुठला भाग कधी झाकायचा, यातच चित्राचा निम्मा निर्णय होऊन जातो.

गंमत अशी की हे तंत्र रुजले ते या स्वभावाच्या उलट कामासाठी. १७६८च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्याँ-बाप्तिस्त ल प्रॅन्सने त्याला पक्के रूप दिले. इंग्लंडमध्ये पॉल सँडबीने ते निसर्गदृश्यांकडे वळवले. शाईच्या आणि जलरंगाच्या पातळ वॉशची नक्कल छापून अनेक प्रती काढता येतात, हे त्याचे मोठे आकर्षण होते. भारताचा संबंध आला तोही याच वाटेने. थॉमस डॅनियलने १७८६ ते १७८८ या काळात कलकत्त्यातच, स्थानिक कारागिरांना हाताशी धरून, शहराची बारा ॲक्वाटिंट दृश्ये तयार केली. पुढे लंडनहून त्याची आणि पुतण्या विल्यमची ‘ओरिएंटल सीनरी’ १७९५ ते १८०८ या काळात निघाली. त्याच प्रकाशनमालेत वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये आहेत. मूळ रेखाटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची होती. मुंबई-पुण्यात काम करणारा वेल्स १७९५मध्ये वारला, त्यामुळे १८०३मध्ये निघालेला हा संच पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तंत्र म्हणून हे काम अव्वल आहे, यात शंका नाही. पण डॅनियलांच्या ॲक्वाटिंटवर बहुधा हाताने रंग चढे. छापाची छटा ही त्या रंगाखालची बैठक. वेरूळसारखा गडद विषय हाती असूनही इथला काळोख वास्तूची खोली मोजण्यापुरता येतो, त्यापुढे जात नाही.

त्याच सुमारास स्पेनमध्ये चित्रकार गोयाने नेमके उलटे केले. १७९९च्या ‘काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या संचातले ३२वे चित्र तर रेषेशिवायच केलेले आहे. कोठडीत बसलेली एक स्त्री, आणि सारे काही केवळ छटांच्या सपाट तुकड्यांतून. काळोख इथे पार्श्वभूमी उरत नाही, तोच त्या बाईला घेरणारा पक्ष होतो. जवळपास शतकानंतर, १८९०-९१मध्ये, मेरी कॅसाटने जपानी काष्ठमुद्रांपासून प्रेरणा घेऊन दहा रंगीत मुद्राचित्रे केली. तिने तोच सपाटपणा घरगुती, उजळ विषयांसाठी वापरला. एकाने काळोख उभा केला, दुसरीने प्रकाशातली शांत प्रतले. पण ‘वॉशसारखे दिसावे’ हा हट्ट दोघांनीही सोडला होता.

स्वातंत्र्योत्तर भारतात धातूच्या प्लेटवरचे मुद्राचित्रण जोमाने वाढले, पण त्याच्या वाटा निरनिराळ्या होत्या. सोमनाथ होर यांनी ‘जखमा’ मालिकेत शाई आणि छटा दोन्ही टाकून कागदाच्या लगद्यातच व्रण उमटवले. पॅरिसच्या ‘अटेलिए १७’ या मुद्राचित्रण-कार्यशाळेत कृष्णा रेड्डी यांनी एकाच प्लेटच्या निरनिराळ्या खोलींवर कमी-जास्त चिकट शाया रोलरने चढवून बहुरंगी ठसा काढण्याची पद्धत विकसित केली. या दोघांचा प्रभाव मोठा आणि योग्यच. पण छटेचा प्रश्न त्यांच्या वाटेवर नव्हता. तो हाती घेतला लक्ष्मा गौड आणि अनुपम सूद यांनी. गौडांच्या सत्तरच्या दशकातल्या कामात तेलंगणातल्या गावाची माणसे, झाडे, बकऱ्या एकाच दाणेदार करड्यातून येतात, त्यामुळे वासना आणि माती वेगळ्या काढता येत नाहीत. सूद यांच्या जस्ताच्या प्लेटवर मानवी शरीर अतिशय सूक्ष्म छटांनी घडते, आणि तितक्याच काळजीने घडलेली भिंत त्या शरीराला बंदिस्त करते. ‘ऑफ वॉल्स’ (१९८२) पाहताना छटा बाजूला काढली तर चित्रात काही उरणार नाही. ॲक्वाटिंट भाषा झाल्याची खूण हीच.

मग आज ती भरणी का झाली? एक कारण कामाच्या जागेत आहे. नायट्रिक आम्लाचा धूर, राळेची हवेत उडणारी, फुप्फुसात जाणारी आणि पेट घेऊ शकणारी धूळ यांसाठी हवेशीर स्टुडिओ लागतो. दिल्लीचा गढी स्टुडिओ किंवा वडोदऱ्याचे ‘छाप’ अशा सामायिक कार्यशाळा म्हणूनच मोलाच्या. मुंबईच्या भाड्याच्या खोलीत हे जमणे अवघड. त्यामुळे सुरक्षित पर्याय आले : तांब्यासाठी फेरिक क्लोराइड, जस्तासाठी मोरचूद आणि मीठ, राळेऐवजी एअरब्रशने फवारलेले ॲक्रिलिक. या बदलाला विरोध करण्यात अर्थ नाही. कलेसाठी फुप्फुसे द्यावीत असे कोणी म्हणू नये. पण फवाऱ्याचा ठिपका बारीक आणि एकसारखा पडतो. त्यातून मिळणारी छटा फोटोसारखी गुळगुळीत असते, आणि राळेच्या वेड्यावाकड्या कणांतून येणारी धग तीत नसते. नव्या साधनाला नवा दाणा शोधावा लागेल. सध्या बहुतेक जण त्याच्याकडून जुन्या दाण्याची सफाईदार नक्कल करून घेतात.

दुसरे कारण संगणक. छटांची रचना पडद्यावर आधीच ठरते आणि प्लेट ती उतरवून घेते. बुडीबुडीला थांबून, ठसा काढून, पुढचे ठरवण्याची गरज संपते. वॉशची जागा फोटोने घेतली, एवढाच फरक. तंत्र पुन्हा नकलेच्या चाकरीला लागले.

समीक्षेचाही यात वाटा आहे. आपण मुद्राचित्राच्या विषयावर पाने लिहितो, पण एकाच प्लेटचे दोन ठसे शेजारी ठेवून पाहत नाही. ॲक्वाटिंटचा पृष्ठभाग नाजूक असतो, छापता छापता झिजतो. ‘काप्रिचोस’च्या १९३७पर्यंत बारा आवृत्त्या निघाल्या, पहिलीतला आणि शेवटच्यांतला काळोख एक नाही. आवृत्तीचा आकडा चित्राखाली लिहितात, तो केवळ बाजारासाठी नसतो.

कलाशाळांनी एक साधी गोष्ट करून पाहावी : रेषेची सुई हाती देण्याआधी विद्यार्थ्याकडून एक प्लेट फक्त ॲक्वाटिंटमध्ये करून घ्यावी. पांढरा धरून चारच छटा, आणि दर बुडीनंतर एक ठसा. मागाहून भरायला रेषाच नसली की छटेला स्वतः काही म्हणावे लागते, आणि ते तिला जमले की नाही हे विद्यार्थ्याला पहिल्याच ठशात कळते. परीक्षकांनीही मग त्या प्लेटला गुण देताना सफाईच्या आधी एवढेच विचारावे, की हा काळा इथे का आहे.