गाण्यानं माणूस मरतो का? आणि बदलतो का? : 'कोर्ट' चित्रपट संशोधकाच्या नजरेतून

कोर्सवर्कमध्ये कार्यकारणभाव शिकवताना बहुतेक ठिकाणी औषधाच्या चाचणीचं उदाहरण देतात. अर्ध्या लोकांना गोळी, अर्ध्यांना साखरेची गोळी, मग तुलना. उदाहरण चांगलंच आहे, पण ते ऐकून परीक्षेत मार्क मिळतात आणि डोक्यात फारसं काही राहत नाही. मला विचाराल तर त्या तासाला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' दाखवावा. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो थिएटरात लागला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो 'संथ आहे' म्हणून अर्ध्यात सोडला असेल. तर आज त्याच्याकडे परत जाऊ.

ही पोस्ट मुख्यतः दोन प्रकारच्या मुलामुलींसाठी आहे. एक, ज्यांना 'कला आणि सामाजिक बदल' अशा विषयावर सिनॉप्सिस लिहायचंय. दोन, जे माझ्यासारखे सायन्सवाले आहेत आणि ज्यांना वाटतं की असल्या विषयांशी आपला काय संबंध. माझं पीएचडीचं काम सांडपाण्यातल्या सल्फाइडवर आहे. संबंध कसा आहे ते पुढे कळेलच.

खटला म्हणजे एक गृहीतक

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण कांबळे हा वयस्कर लोकशाहीर वस्तीत कार्यक्रम करतो. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली आहे. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि २०२१ मध्ये कोविडनं गेले. कार्यक्रम चालू असतानाच पोलीस त्याला अटक करतात. आरोप काय, तर वासुदेव पवार नावाच्या एका गटार सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, आणि ती कांबळेचं गाणं ऐकून केली. म्हणजे कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

आता हे आपल्या भाषेत मांडून बघा. स्वतंत्र चल : गाणं. अवलंबी चल : मृत्यू. नमुना : एक माणूस. गाणं आधी, मृत्यू नंतर, एवढाच काळाचा क्रम हाताशी. यंत्रणा कोणती? 'गाण्यात तसं म्हटलं होतं.' पर्यायी गृहीतक तपासलंय का? नाही. साक्षीदार? बचाव पक्षाचा वकील दाखवून देतो की पोलिसांचा हा साक्षीदार इतरही खटल्यांत साक्षी देत आलेला आहे. आपल्या भाषेत, डेटा एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा आणलेला.

असा पेपर कुणी रिव्ह्यूला पाठवला तर आपण दोन मिनिटांत परत पाठवू. कोर्टात मात्र तो महिनोन् महिने चालतो. चित्रपटाची खरी ताकद इथं आहे, असं मला वाटतं. कॅमेरा लांब ठेवलाय, शॉट लांबलचक आहेत, कुणी ओरडत नाही, पार्श्वसंगीत येऊन 'आता चीड येऊ द्या' असं सांगत नाही. तारीख पडते, पुढची तारीख पडते. चुकीचं गृहीतक फेटाळायला लागणारा वेळ हीच आरोपीची शिक्षा होऊन बसते. 'संथ आहे' ही तक्रार करणाऱ्यांना नेमकं हेच जाणवलेलं असतं, फक्त ते दोष चित्रपटाला देतात.

झुरळाची चाचणी

वासुदेवची बायको साक्षीला उभी राहते, तो प्रसंग मी विज्ञानाच्या वर्गात दाखवीन. ती सांगते की नवऱ्याकडे सुरक्षेची साधनं कधी नव्हतीच. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरायचा. आणि उतरण्याआधी तो गटारात खडा टाकून झुरळ बाहेर येतं का ते बघायचा. झुरळ आलं तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही.

हे ऐकून थिएटरात काही जण हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. खाणीत पूर्वी पिंजऱ्यातला पक्षी न्यायचे, तसलीच ही चाचणी : सजीवाच्या मदतीनं हवा तपासणं. ती पुरत का नाही, ते समजून घ्या. सांडपाण्याच्या गाळात ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे चेंबरच्या तळाशी साठतो. अगदी थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका वाढला की वास 'गेला' असं वाटतं. ५०० च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत. त्यात हा वायू गाळात विरघळलेला, अडकलेला असतो. माणूस आत उतरून गाळ ढवळायला लागला की तो एकदम सुटतो. खडा टाकताना झुरळ जिवंत असेल, पण पाय गाळात पडल्यावरच्या हवेबद्दल ते काहीच सांगू शकत नाही.

म्हणून वासुदेवच्या मृत्यूला गाणं लागत नाही, आत्महत्याही लागत नाही. साधं रसायनशास्त्र पुरतं. पण पोलिसांचा तर्क बघा : सुरक्षेची साधनं न घालता उतरला, म्हणजे मरायलाच उतरला. साधनांचा अभाव हा मालकाविरुद्धचा पुरावा. तोच इथं मेलेल्या माणसाच्या मनाचा पुरावा ठरतो.

हे फक्त पडद्यावरचं नाही. हातानं मैला उचलण्यावर आणि साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर आणि वाघोली इथं इमारतींच्या मैल्याच्या टाक्यांमध्ये उतरलेले कामगार गुदमरून मेले.

'कंट्रोल' कुठं आहे?

चित्रपटातला माझ्या मते सगळ्यात हुशार प्रसंग कोर्टाबाहेरचा आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत नाटकाला जाते. नाटक परप्रांतीयांची टर उडवणारं. सभागृह खदाखदा हसतं, टाळ्या पडतात, तीही खुशीत असते.

प्रयोगशाळेत याला कंट्रोल म्हणतात. शहर तेच, काळ तोच, रंगमंच तसाच, आणि प्रेक्षकांच्या भावना इथंही ढवळल्या जातात. पण या नाटकामुळे कुणी उद्या कुणाला मारलं तर लेखकावर कलम लावू, असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे 'कला लोकांना भडकवते' हा सगळीकडे लावायचा नियमच नव्हता. कुणाच्या कलेला तो लावायचा, एवढंच ठरलं होतं. एकही भाषण न देता हे दाखवलंय. नूतनला खलनायिकाही केलेलं नाही. ती लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, मुलांचं बघते. चांगल्या माणसांच्या हातून वाईट निष्कर्ष कसे निघतात, हे संशोधकानं तिच्याकडून शिकावं.

आता आपले दावे तपासू

इथपर्यंत आपण सगळे कांबळेच्या बाजूनं आहोत. अडचण पुढे आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात दर वर्षी ४ मार्चच्या सुमारास कंपन्यांमध्ये सुरक्षा सप्ताह असतो. घोषणा, पोस्टर, आणि कामगारांसमोर पथनाट्य. नाटकात हमखास एक निष्काळजी कामगार असतो. हेल्मेट घालत नाही, अपघात होतो, घरी बायको-मुलं रडतात, शेवटी सगळे मिळून 'सुरक्षा पाळा' म्हणतात. मग अहवाल जातो : 'पथनाट्याद्वारे जनजागृती करण्यात आली.'

या वाक्याची रचना आणि कलम ३०६ खालच्या आरोपाची रचना शेजारी ठेवा. कलाकृती झाली, नंतर लोकांमध्ये काहीतरी घडलं, म्हणून कलाकृतीमुळे घडलं. एका ठिकाणी आपण याला सरकारी दडपशाही म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'इम्पॅक्ट'. प्रयोगाआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, 'जागृती वाढली' असा तक्ता काढला, तरी फार फरक पडत नाही. सुपरवायझर शेजारी उभा असताना ठेकेदाराचा कामगार 'हो, कळलं' असंच लिहिणार.

शिवाय त्या नाटकाचा आशय बघा. हेल्मेट का घातलं नाही, असं ते कामगाराला विचारतं. दिलं होतं का, हे कुणाला विचारत नाही. 'कोर्ट'मधल्या पोलिसांचाही हाच प्रश्न होता. कलेचं माध्यम वापरलं म्हणजे ती आपोआप हक्कांच्या बाजूची होत नाही, हे लिहून ठेवा. दिल्लीजवळच्या साहिबाबादमध्ये औद्योगिक वस्तीत 'हल्ला बोल' करताना १ जानेवारी १९८९ ला सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पथनाट्य म्हणजे तेही आणि सुरक्षा सप्ताहातलंही. दोन्हींना एकाच खणात टाकून 'पथनाट्याचा प्रभाव' मोजणं म्हणजे आम्ल आणि अल्कली एकत्र ओतून पीएच काढण्यासारखं आहे.

मग उलट टोकाला जायचं का? 'गाणं म्हणजे नुसतं गाणं, त्यानं काही होत नाही'? कोर्टात बचावाला हे सोयीचं आहे. पण असं म्हटलं तर सत्यशोधकी जलसे, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक, हे सगळं करमणुकीत जमा होतं. 'कोर्ट' ही पेचाची जागा दाखवतो आणि तिथंच थांबतो. माझी चित्रपटाविषयीची तक्रार इथं आहे. वकील, न्यायाधीश यांच्या घरात, सहलीत कॅमेरा आपल्याला नेतो. पण कांबळेचं गाणं ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात नेत नाही. वासुदेवची बायको साक्षीपुरती आणि त्यानंतरच्या गाडीतल्या प्रवासापुरती भेटते. वकील पैसे देऊ करतो, ती काम मागते. तिथून पुढचा सिनेमा मला बघायचा होता.

रंगमंचावर कोण आहे

तो पुढचा भाग एका वेगळ्या कलाकृतीत सापडतो. गो. पु. देशपांडे यांचं जोतीराव फुल्यांवरचं 'सत्यशोधक' हे नाटक २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी पुण्यात केलं, ते महापालिकेच्या कामगार युनियनमधल्या सफाई कामगारांना घेऊन. याच कामगारांच्या जगण्यावर पेठे यांनी आधी 'कचराकोंडी' हा माहितीपट केला होता. माहितीपटात कामगार कॅमेऱ्यासमोर होते. नाटकात तेच फुल्यांचे शब्द बोलत होते, इतिहासावर मत देत होते. ज्या फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे १८५५ चं नाटक त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलंच नाही, त्यांच्यावरचं नाटक त्यांच्याच शहरातले सफाई कामगार करत होते.

इथं 'प्रेक्षकांवर काय परिणाम झाला' हा प्रश्न दुय्यम होतो. कोण बोलतंय, तालमीत कोणत्या शब्दांवर वाद झाले, युनियनच्या बैठकीत बोलणाऱ्यांची संख्या नंतर बदलली का, हे विचारता येतं. आणि हे तपासता येतं : इतिवृत्तं आहेत, माणसं आहेत.

सिनॉप्सिस लिहिताना

गाईडकडे जाण्याआधी विषयाला हे तीन प्रश्न लावून बघा.

एक : तुमचा दावा उलटा करून सरकारी वकिलाच्या तोंडी घाला. 'या गाण्यामुळे लोक जागृत झाले' ऐवजी 'या गाण्यामुळे लोक भडकले'. तुमचा पुरावा दोन्हीला सारखाच लागू पडत असेल तर तो पुरावा कच्चा आहे.

दोन : कलाकृती दोष कुणाकडे नेते, ते आधी वाचा. मोजमाप नंतर. 'का घातलं नाही' आणि 'का दिलं नाही' यातला फरक प्रश्नावलीत सापडत नाही. तो संहिता वाचून सापडतो, आणि सायन्सवाल्यांनीही ती वाचायला शिकलं पाहिजे.

तीन : वेळ किती देणार? आनंद पटवर्धन यांनी ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आणि शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येनंतर 'जय भीम कॉम्रेड' सुरू केला, आणि तो पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. पीएचडीला एवढा वेळ कुणी देणार नाही, खरंय. पण प्रयोगानंतर अर्ध्या तासात भरून घेतलेल्या फॉर्मवर 'सामाजिक परिवर्तन' असं शीर्षक तरी टाकू नका. 'प्रयोगानंतरची तात्काळ प्रतिक्रिया' म्हणा. शीर्षक छोटं होईल, पण व्हायवाला तुम्हाला ते सांभाळता येईल.

पेटची तयारी करणाऱ्यांना एक गृहपाठ. 'कोर्ट' पुन्हा लावा आणि वहीत दोन रकाने करा : कोर्टात कोणता दावा झाला, त्याला पुरावा कोणता दिला. शेवटी दुसरा रकाना किती रिकामा राहतो ते बघा. मग तीच वही स्वतःच्या सिनॉप्सिससाठी वापरा.