न बुडणारा गणपती

करामातल्या स्नेह्यांकडे गेलो की हल्ली माझी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाआधी संगणकाच्या पडद्याकडे जाते. कोणी गावच्या जत्रेचा, कोणी नातीच्या बारशाचा व्हिडिओ कापून त्याचे जीआयएफ, म्हणजे फिरते चित्र केलेले असते आणि तेच पडद्यावर पार्श्वचित्र म्हणून लावलेले असते. हौस चांगली आहे. पण हौशी नाटकाचेही आपण बरेवाईट बोलतोच, तसे याचेही बोलावे.

जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणला. चित्र पुन्हापुन्हा फिरत ठेवण्याची सोय १९९५-९६च्या सुमारास नेटस्केपमुळे रूढ झाली. व्हिडिओ या साच्यात ओतताना तीन गोष्टी गळतात. आवाज तर पूर्णच जातो. प्रत्येक चित्राला फक्त २५६ रंग मिळत असल्याने गुलालाचा ढग चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तिसरी गोष्ट म्हणजे शेवट, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

एका घरी समईची ज्योत पाहिली. चार सेकंदांचे चित्र, पण सांधा कुठे ते कळत नव्हते. ज्योतीला सुरुवात-शेवट नसतोच, म्हणून ते चित्र साधले होते. दुसऱ्या घरी गिरगाव चौपाटीवरचे घरगुती विसर्जन होते. आपल्याकडे मूर्ती दोनतीनदा पाण्यात बुडवून वर घेतात आणि मग सोडतात. हे सोडणे म्हणजेच विसर्जन. त्यानंतर रिकाम्या पाटावर वाळू घेऊन घरी परतायचे. चित्रकाराने नेमका तोच क्षण कापला होता. त्यामुळे गणपती बुडत होता, वर येत होता, पुन्हा बुडत होता. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायची वेळच येत नव्हती. घरातली मुले खदखदून हसत होती. त्यांना दोष कसा द्यावा? इथे वाढलेल्या मुलाने विसर्जन एवढेच पाहिले, तर त्यामागची हुरहुर त्याला कुठून कळणार?

दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे चित्रण केले होते. रोज थोडे थोडे टिपून त्यांनी कित्येक दिवस काही क्षणांत बसवले. तीही काळाची काटछाटच. पण त्यांनी काळ आखडला, गोल फिरवला नाही. त्यांचा अंकुर पुढेच जातो.

म्हणून मंडळी, मला एवढेच सुचवावेसे वाटते. मुळातच जे फिरून फिरून येते, ते पडद्यावर खुशाल लावावे: कोकणातल्या लाटा, हलता पाळणा, अंगणातला झोपाळा. ज्याला शेवट आहे, त्याचा व्हिडिओच ठेवावा. सुट्टीच्या दिवशी मुलांना जवळ बसवून तो आवाजासकट पूर्ण पाहावा, वाळूचा पाट घरी येईपर्यंत.