मुक्या कृष्णाची बोलकी मुद्रा

फराळाच्या डब्यांभोवती घुटमळणारे पोर तोंडाने काहीच मागत नाही. हात पाठीमागे, मान किंचित कलती आणि डोळे चकलीच्या डब्यावर. आजीचा 'आता पुरे' हा हुकूम तिथेच मोडतो! शब्दांनी जे साधले नसते, ते नुसत्या उभे राहण्याने साधते.

देहाच्या या बोलीचे सामर्थ्य दादासाहेब फाळके यांनी पुरते ओळखले होते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने आपल्या चित्रपटांचा संसार नाशकात थाटला आणि १९४४ साली देहही तिथेच ठेवला. त्यांचा 'कालिया मर्दन' १९१९ सालचा. चित्रपट मुका आणि त्यातला बाळकृष्ण म्हणजे त्यांचीच सातेक वर्षांची लेक मंदाकिनी.

या चित्रपटाचा आरंभ मोठा धीट आहे. कथा सुरू होण्याआधी मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटतात. ही मुलगी आहे, ती अभिनय करते आहे, हे दिग्दर्शक आपणहून सांगून टाकतो. जादूगाराने खेळाआधीच पेटी उघडून दाखवावी, तसा हा प्रकार! तरीही पुढे तीच मुलगी कृष्ण होऊन खोड्या काढू लागली की आपण तिला कृष्णच मानतो. हे कसे घडते?

भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. मूकपटात वाचिकाची वाट बंद. मग सारा भार अंगावर आणि अंतःकरणावर येतो. डोहाकाठी जमलेल्या मोठ्या माणसांचा शोक मला, खरे सांगायचे तर, उसना वाटतो. त्यांचे हातवारे नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेसाठी केल्यासारखे आहेत. तिथे आंगिक आहे, सात्त्विक उणे आहे. मंदाकिनीचे तसे नाही. तिच्या खेळण्यात पोरपणाचा खरा आनंद आहे. हात आणि मन एकच गोष्ट सांगतात, म्हणून ती पटते.

आज हस्तांदोलन कसे करावे, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहावे, याचे वर्ग चालतात. पुढाऱ्यापासून विक्रेत्यापर्यंत सारे ते गिरवतात. त्यात गैर काही नाही; मंदाकिनीलाही कुणी तरी शिकवलेच असेल. पण फाळक्यांनी कसब उघड केले आणि मग आपली संमती मागितली. कसब लपवून जी संमती मिळवली जाते, ती फसवणूकच नव्हे काय? हावभाव शिकलेला आहे की नाही, यापेक्षा तो काही झाकतो आहे का, हे पाहावे.

चकलीवर डोळा ठेवणाऱ्या नातवाचा डाव आजीला का ठाऊक नसतो? चांगला ठाऊक असतो. पण त्या डावामागची भूक खरी असते, म्हणून तर डब्याचे झाकण उघडते!