कथेतून गळलेली छाट

तिरोडा, गोंदिया, भंडारा हा तेंदूपत्त्याचा मुलूख. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. एकदा गणित घातले : एक बाई रोज १००० बिड्या वळते, तर सहा दिवसांत किती? एका मुलीने विचारले, "सर, छाट वजा करायची का?"

बिडीवाल्या बाईवरची मराठी कथा-कविता वाचताना आम्हाला हा प्रश्न आठवतो. त्या पानावर मिणमिणता दिवा असतो, खोकणारी अम्मी असते, शेवटी उसासा असतो. ते खोटे नाही. पण लेखक सट्टेदाराच्या दारापर्यंत जात नाही. तिथे कट्टे तपासले जातात, सैल-वाकडी बिडी बाजूला पडते. ती छाट. तिची मजुरी नाही. कथेचा खरा प्रसंग इथे आहे आणि नेमका तोच गळतो. आपल्या वार्षिकांकांतले लेखनही याला अपवाद नाही.

छाट हा अन्याय आहे, तसा पुरावाही आहे. मालकांचे म्हणणे असे की, ही माणसे आपल्या सवडीने, नगावर काम करतात. ती आमची नोकर नव्हेत. नागपूरच्या बिडी कारखान्यातील बिरदीचंद शर्मा खटल्यात (ए.आय.आर. १९६१) सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. माल नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचे कामावर नियंत्रण आहेच, असे ठरले. पुढे १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार म्हटले आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. न्यायाधीशांना जे दिसले, ते आमच्या कथाकारांना का दिसू नये?

१९६६ सालीच नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह आला. सुर्वे यांचा कामगार दया मागत नाही, बरोबरीने बोलतो. त्यांच्या 'शीगवाला' कवितेतला दाऊदचाचा तर कवीलाच चार शब्द सुनावतो. ही वाट सोडून आपण पुन्हा उसाशांकडे का वळलो?

कुणी म्हणेल, साहित्य म्हणजे वकीलपत्र नव्हे. कबूल. आम्ही कलमे मागत नाही, माणूस पुरता मागतो. जिला फक्त दुःख आहे आणि हक नाही, ते पात्र अर्धेच राहते. सट्टेदारासमोर ती गप्प का राहते, एखाद्या दिवशी का बोलते, यातच तिचा स्वभाव उघडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६६ च्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. कायदा बदलतो तेव्हा कोणाचे नाव नोंदीत राहिले आणि कोणाचे सुटले, हे मोहल्ल्यातच कळते. म्हणून आपल्या लेखक बंधुभगिनींना आमची विनंती : बिडीवाली बाई लिहिण्याआधी तिच्या घरी जा. कार्डावर नाव कोणाचे आहे आणि या आठवड्यात छाट किती गेली, एवढे तिला विचारा. मग लिहा.