खाणाखुणा आणि भाषा

'दोन चहा, साखर कमी, किती झाले?' एवढे आपण गजबजाटात हातानेच सांगतो. या साध्या गोष्टीचा ॲनेलीस कुस्टर्स यांनी शास्त्रीय अभ्यास केला. मूळच्या बेल्जियमच्या आणि स्वतः कर्णबधिर असलेल्या या विदुषी एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात संशोधन करतात. मुंबईच्या लोकलमधील अपंगांच्या डब्यावर त्यांनी २००९ साली लेख लिहिला. ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात कर्णबधिर प्रवासी भेटतात, बातम्या देतात-घेतात. तो डबाच त्यांचा कट्टा होतो. (आमच्या वलवणजवळ लोणावळ्याला येते ती पुण्याची लोकल, मुंबईची घाटाखाली कर्जत-खोपोलीलाच थांबते.)

२०१५ सालचा त्यांचा 'इशारे' हा माहितीपट याच शहरात घडतो. सुजित सहस्रबुद्धे आपल्याला बाजारातून, गाड्यांतून फिरवतात. दुकानदारांना पेनांचा घाऊक माल विकणारे एक कर्णबधिर गृहस्थ यात आहेत. ज्यांना दिसतही नाही असे दुसरे एकजण स्पर्शाच्या आधारे खरेदी करतात. येथे कर्णबधिर माणूस कोणाच्या दयेवर नाही, तो गिऱ्हाईक आहे, व्यापारी आहे. हे फार चांगले झाले.

माझी तक्रार वेगळी आहे. खाणाखुणांच्या मर्यादा चित्रपटातली माणसे बोलून दाखवतात, पण दृश्ये इतकी लोभस आहेत की ऐकू येणारा प्रेक्षक 'चला, यांचे भागते की!' म्हणून निर्धास्त होतो. खाणाखुणा आणि भाषा यांतील भेदावर कुस्टर्स व सहस्रबुद्धे यांनी २०१८ मध्ये लिहिलेला निबंध या बाबतीत अधिक काटेकोर आहे. सांकेतिक भाषेला व्याकरण असते. हाताचा आकार, जागा आणि हालचाल या घटकांतून चिन्ह बनते, हे विल्यम स्टोको यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेबाबत १९६० मध्येच दाखवले होते.

दुकानाचे भागते, वर्गाचे भागत नाही. ओठ वाचून शिकावे म्हटले, तर 'पाळ', 'बाळ', 'माळ' ओठांवर सारखेच दिसतात. शिक्षकांनी माहितीपट जरूर पाहावा आणि मग एक प्रयोग करावा. 'ही वीट चंद्रावर नेली, तर तिचे वजन घटेल, पण वस्तुमान तेवढेच राहील' हे शेजाऱ्याला नुसत्या खाणाखुणांनी सांगून पाहावे. मी पाहिले. वीट जमली, चंद्रही जमला. 'तर' मात्र जमला नाही. सांकेतिक भाषा येणाऱ्या मुलाला तो सहज सांगता येतो.