आश्रय आणि अर्थ : ‘क्वेस्ट’च्या निमित्ताने

संहितेचा अर्थ लावताना ती कोणाच्या आश्रयाने प्रसिद्ध झाली याचा विचार करावा की नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षेने बहुधा टाळला आहे. रूपवादी समीक्षेला तो अप्रस्तुत वाटतो. समाजशास्त्रीय समीक्षा आश्रयदात्याचे नाव कळताच अर्थाचा निकाल लावून मोकळी होते. आश्रय परकीय राज्यसंस्थेचा आणि शिवाय लपवलेला असेल, तर या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. मुंबईत सुरू झालेल्या ‘क्वेस्ट’ या इंग्रजी नियतकालिकाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिन येथे ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही संस्था स्थापन झाली. मार्च १९५१ मध्ये तिची भारतीय परिषद मुंबईत भरली. मिनू मसानी तिच्या संयोजकांत अग्रभागी होते. तीतून उभ्या राहिलेल्या भारतीय समितीने ऑगस्ट १९५५ मध्ये ‘क्वेस्ट’ काढले. पहिले संपादक निसीम इझिकेल हे मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजातले कवी. पुढे १९६६-६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘रॅम्पार्ट्स’ यांनी उघड केले की, या आंतरराष्ट्रीय संस्थेला अमेरिकेच्या सीआयएचा पैसा धर्मादाय प्रतिष्ठानांच्या आडून मिळत होता.

यावरून ‘क्वेस्ट’मधील साहित्य म्हणजे सीआयएचा प्रचार, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो टिकत नाही. कलेच्या स्वायत्ततेचा आग्रह शीतयुद्धाने आपल्याकडे आणला असे मानले, तर फडके-खांडेकरांच्या काळातला कलावाद-जीवनवाद आणि मर्ढेकरांचे १९३७ मधील ‘आर्ट्स अँड मॅन’ यांचा उलगडा होत नाही. तथापि, लेखकांना कोणी काही लिहायला सांगितले नव्हते, सबब पैशाचा प्रश्नच उद्भवत नाही, हा युक्तिवादही तितकाच लंगडा आहे. गुप्त आश्रयदात्याला वाक्ये लिहून देण्याची गरज नसते. कोणत्या स्वराला व्यासपीठ, मानधन आणि प्रवास मिळावा, हे ठरले की त्याचे काम होते.

खरा अन्याय वाचकावर होतो. ‘प्रगती प्रकाशन, मॉस्को’ असा शिक्का असलेले स्वस्त पुस्तक हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला आश्रयदाता ठाऊक असे आणि मजकुराचे मोल त्या हिशेबाने करता येई. अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ही आपली निष्ठा झाकत नाही. सोव्हिएत व्यवहार सगळाच उघड होता असे नव्हे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मित्रोखिन दप्तरात भारतीय वृत्तपत्रांत मजकूर पेरल्याचे दावे आहेतच. मुद्दा देशाचा नसून प्रच्छन्नतेचा आहे. ‘क्वेस्ट’च्या वाचकाकडून अर्थनिर्णयनाचे एक साधन काढून घेतले गेले होते, आणि बहुधा त्यातल्या कित्येक लेखकांकडूनही.

यावर लोकशाहीने काय करावे? १९७६ साल येथे बोधप्रद आहे. त्या वर्षी परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा झाला. निवडणुकीतील उमेदवार, लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्रांचे संपादक यांना परकीय पैसा घेण्यास बंदी आली. त्याच वर्षी, आणीबाणीत, ‘क्वेस्ट’ बंद पडले. सीआयएचा संबंध उघड झाल्यावरही जे नियतकालिक नऊ-दहा वर्षे टिकले, ते स्वदेशी राज्यसंस्थेच्या दडपणाखाली थांबले. १९७७ मध्ये ते पुण्याहून ‘न्यू क्वेस्ट’ म्हणून निघू लागले, पुढे मे. पुं. रेगे यांनी त्याचे संपादन केले.

पैसा कोठून आला हे विचारणारा कायदा आणि काय लिहिले हे विचारणारी सेन्सॉरशिप यांत मूलभूत भेद आहे. ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग त्या काळात हा भेद पुसण्यासाठीच वापरला गेला. आज हस्तक्षेप नियतकालिकांऐवजी समाजमाध्यमांतून होतो. रशियन प्रभावाच्या संशयाच्या पार्श्वभूमीवर रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. मतदाराला फसवले गेले म्हणून त्याचे मतच बाद करावे काय, हा त्या निर्णयाने उभा केलेला प्रश्न वाचकाविषयीच्या आपल्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही.

समीक्षेपुरते बोलायचे तर, आश्रयाची माहिती ही अर्थाचा एक घटक म्हणून वाचकापुढे ठेवणे आणि मग संहिता समग्र वाचणे, या दोन्ही जबाबदाऱ्या एकत्रच पार पाडाव्या लागतील. ‘क्वेस्ट’चे जुने अंक मराठी समीक्षेने अद्याप अशा रीतीने वाचलेले नाहीत.