सहा आकड्यांची रचना

पिनकोडावर टीकालेख लिहावा असे त्यात आहे तरी काय, असे वाचक विचारील. माझे उत्तर असे, की सहा आकड्यांत एवढा अर्थ मावणारी रचना आपल्या व्यवहारात विरळाच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. तिचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे अधिकारी खरे, पण संस्कृत कवीही. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. मुंबई २८ चे ४०००२८ झाले. जुना पत्ता नव्याच्या पोटात सुखरूप राहिला. भिन्न लिप्यांच्या, सारख्या नावांच्या गावांच्या या देशात पाकिटाला वाट सापडावी, एवढाच हेतू.

दोष रचनेत नाही, वाचनात आहे. १९९० मध्ये अमेरिकेत बेव्हर्ली हिल्सच्या ९०२१० वर दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि तो आकडा श्रीमंतीचे नाव ठरला. ब्रिटनच्या राजकारणात, उपचार पत्त्यावर ठरतात या तक्रारीला 'पोस्टकोडची लॉटरी' म्हणू लागले.

आणि आपल्याकडे? वाडीवरच्या माझ्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवरून शब्दकोश मागविला. उत्तर आले, 'या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही.' तिने विचारले, "सर, आमचा नंबर चुकलाय का?"

मी तोच कोश टपालाने मागविला. नवव्या दिवशी पोस्टमन वाडी चढून आला. पोहोचविण्यासाठी जन्मलेला आकडा नाकारण्याचे निमित्त व्हावा, यापरती मूळ कृतीची विटंबना ती कोणती?